चांगलं काम करताना हिशेब कुठे चुकतो? या चुका टाळा

एप्रिल लागला की सोलापुरात जयंत्यांचे मांडव पडतात आणि अनेक मांडवांत रक्तदानाच्या खाटा लागतात. मीही सलग काही वर्षं अशाच एका मांडवात रक्त दिलं. हातात प्रमाणपत्र आणि मनात फलकावरचं वाक्य घेऊन घरी यायचो : एक पिशवी, तीन जीव. मग एका मे महिन्यात शेजारच्या थॅलेसेमिया झालेल्या पोरासाठी पिशवी शोधायची वेळ आली. त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. तीन रक्तपेढ्या फिरलो, त्याच्या गटाचं रक्त कुठेच नव्हतं. माझा गट तोच होता, पण मला देता येईना; रक्तदान करून जेमतेम महिना झाला होता.

पहिली चूक : किती केलं ते मोजणं, फरक किती पडला ते न मोजणं

लाल पेशी साठवून टिकतात 35 ते 42 दिवस, प्लेटलेट्स साधारण 5 दिवस. पुरुषाला दोन रक्तदानांत 3 महिने थांबावं लागतं, स्त्रीला 4 महिने. म्हणजे एप्रिलच्या मध्याला रक्त दिलं की मी जुलैच्या मध्यापर्यंत बाद, आणि माझी पिशवी मेअखेरपर्यंत वापरली गेलेली किंवा मुदत संपलेली. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी गेलेली, ऊन 43-44 अंशांवर. शिबिरं कमी होतात. आजारी माणसं मात्र कमी होत नाहीत.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा : त्या दिवशी मी नसतो तर काय झालं असतं? मांडवात मी नसतो तर माझ्या मागचा खाटेवर झोपला असता, पेढी तरीही भरली असती. मे महिन्यात मी असतो तर त्या पोराला वेळेत रक्त मिळालं असतं. रक्त तेच, हातही तोच.

यावर उपाय सोपा आहे. शिबिराला जाण्याआधी रक्तपेढीला फोन करा, कोणता गट कधी कमी पडतो ते विचारा आणि त्यांच्या यादीत आपला नंबर देऊन ठेवा. मंडळाची पोरं असाल तर निम्म्यांनी जयंतीला द्या, निम्म्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यात. जयंतीचा उत्साह मला मनापासून आवडतो, तो वाया जाऊ नये म्हणूनच हे सांगतोय.

दुसरी चूक : अख्खं श्रेय आपल्या वहीत

एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळे काढता येतात, त्यामुळे ती तिघांच्या उपयोगी पडू शकते. ते तिघेही तिच्यावाचून दगावले असते असा त्याचा अर्थ नाही. रक्तदाता, मंडळ, पेढी, डॉक्टर असे चौघं तोच एक जीव आपापल्या वहीत लिहितात. पण श्रेयाचे सारखे चार वाटे करणंही चूकच. रात्री दोनला पिशवी पोचवणारा रिक्षावाला आला नसता तर बाकीच्यांचं केलेलं फुकट गेलं असतं. त्याचं काम खारीचा वाटा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मी आता वाटा मोजत बसत नाही, कुठली कडी तुटायला आलीय ते बघतो.

तिसरी चूक : ‘आपल्यावाचून काय अडतं?’

‘मी नसतो तर काय झालं असतं?’ या प्रश्नाचा हा उलटा अर्थ काही जण काढतात. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तेव्हा त्या पथकात पाच डॉक्टर होते. त्या पाचांतली एक जागा भरायला कदाचित दुसरा कुणी मिळालाही असता. पण त्यांतले तिघे लवकर परतले आणि कोटणीस थांबले. 1941 पासून तिथलं एक इस्पितळ त्यांनी सांभाळलं आणि डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले. जाणाऱ्याला बदली मिळते, थांबणाऱ्याला क्वचितच.

चौथी चूक : चालू काम मोडून आपलं उभारणं

ही माझी चूक आहे आणि तिची खंत अजून जात नाही. विडी कामगारांच्या एका वस्तीत आम्ही मित्र दर रविवारी गणित शिकवायला जायचो. पांढरा फळा, नव्या वह्या, शेवटी बिस्किटं. तीस पोरं यायची, आम्ही फोटो काढायचो. त्याच वस्तीत बारावीतली एक मुलगी रोज संध्याकाळी घराच्या ओट्यावर शिकवणी घ्यायची, अडलं की पोरांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत समजवायची. पोरं वह्यांसाठी आमच्याकडे वळली, ओटा रिकामा झाला. जूनमध्ये आमच्या नोकऱ्या-बदल्या सुरू झाल्या आणि आम्ही जाणं थांबवलं. नंतर ती चौकात भेटली. म्हणाली, “सर, तुम्ही परत येणार का? पोरं विचारायलेत. माझ्याकडं आता कुणी बसंना.”

श्रावणातली खुलभर दुधाची कहाणी आपण लहानपणापासून ऐकतो. अख्ख्या गावाने दूध ओतलं तरी गाभारा भरला नाही, कारण ते लेकरांच्या आणि वासरांच्या तोंडचं होतं. आमच्या खोलीतली तीस पोरं तशीच त्या ओट्यावरून आलेली होती.

आता आम्ही शिकवायला जात नाही. फळा तिच्या ओट्यावर नेऊन टेकवलाय. वह्या तिच्या हातून वाटल्या जातात आणि तिच्या कॉलेजची फी आम्ही चौघं मिळून भरतो. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता : ओट्यावर सतरा पोरं बसतात, दिवा अंधुक पडतोय, जरा मोठा बल्ब आणा.