जपानमध्ये पत्त्याचा पुरावा म्हणजे जूमिनह्यो कसा काढायचा

जपानला नवीन आलात की कोणी ना कोणी जूमिनह्यो मागतंच, भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स जपानी करून घ्यायला लागतो, पुढे पीआरला (म्हणजे कायम राहायच्या परवान्याला) तर हमखास. कागद मिळायला काही अवघड नाही, खरी मेख त्यावर काय काय छापून येतं त्यात आहे.

आधी नोंदणी. एअरपोर्टवर मिळालेल्या रेसिडन्स कार्डावर पत्ता नसतो, घर मिळून राहायला गेलात की १४ दिवसांच्या आत आपल्या भागातल्या वॉर्ड ऑफिसला नाहीतर सिटी ऑफिसला जायचं, सगळ्यांची कार्डं आणि पासपोर्ट घेऊन. ते कार्डाच्या मागे पत्ता टाकून देतात. २०१२ च्या जुलैपासून परदेशी लोकांची नोंद पण जपानी लोकांच्याच रजिस्टरमध्ये होते, म्हणून आपल्याला हा कागद मिळतो.

बायको-मुलं सोबत असतील तर मॅरेज सर्टिफिकेट आणि मुलांचे जन्मदाखले त्याच दिवशी न्या, जपानी भाषांतरासकट. आपलं सर्टिफिकेट मराठी-इंग्रजी दोन्हीत असतं खरं, पण काउंटरवरच्या बाईंना त्याचा काय उपयोग! भाषांतर बहुतेक ठिकाणी घरी केलेलं चालतं, खाली करणाऱ्याचं नाव घाला. हे नसेल तर नात्याच्या रकान्यात पत्नी न येता नुसतं 'एन्कोशा' म्हणजे कोणीतरी नातेवाईक असं येऊ शकतं आणि मग पुढे दुरुस्त करत बसा.

आता फॉर्म. त्यात चौकोन असतात आणि टिक केली नाही तर राष्ट्रीयत्व, व्हिसाचा प्रकार, नातं हे काहीच छापून येत नाही, नुसतं नाव-पत्ता असलेला कागद हातात पडतो. लायसन्सला राष्ट्रीयत्व लागतं, पीआरला घरातल्या सगळ्यांचा आणि माय नंबर (आपल्या आधारसारखा सरकारी ओळख नंबर) सोडून बाकी सगळं असलेला लागतो. माय नंबर कोणी स्पष्ट मागितल्याशिवाय छापून घेऊच नका, तो असलेला कागद बरेच जण परत करतात. फी साधारण ३०० येन, आणि तीन महिन्यांपेक्षा जुना सहसा चालत नाही म्हणून उगाच आधी काढून ठेवू नका. स्वतःला वेळ नसेल तर एकाच घरात नोंद असलेली बायको किंवा नवरा जाऊन आणू शकतो, मित्राला पाठवायचं तर अधिकारपत्र द्यावं लागतं.

माय नंबर कार्ड असेल तर बहुतेक शहरांत कोन्बिनीतल्या (कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधल्या) झेरॉक्स मशिनवरच निघतो, सकाळी ६:३० ते रात्री ११, चार आकडी पिन टाकून. तीनदा चुकला की लॉक, मग वॉर्ड ऑफिसची वारी. आणि व्हिसा वाढवला की हे कार्ड आपोआप वाढत नाही बरं का, जुन्या व्हिसाची तारीख उलटायच्या आत वॉर्ड ऑफिसला जाऊन ते पण वाढवून घ्या.