निवेदन नको, प्रश्न द्या: गर्भपात आणि गर्भलिंगनिदानाचा विषय विधिमंडळात कसा न्यायचा

आमदारांच्या कार्यालयात निवेदनांचं काय होतं, ते मी स्वीय सहायकाच्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं पाहिलंय. चार जण येतात, साहेबांच्या हातात कागद देताना फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो. कागदावर 'आवश्यक कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि तिथंच राहतो. आता मी निवृत्त आहे, पण सोलापुरात अशोक चौकाजवळच्या घरी लोक अजून मसुदे घेऊन येतात. त्यात गर्भपाताचा विषय वरचेवर असतो आणि बहुतेक वेळा दोन कायद्यांची खिचडी झालेली असते.

ती आधी निवडून घ्या. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा बाईला ठरावीक कारणांसाठी सुरक्षित गर्भपाताची परवानगी देतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाचं. बाई सज्ञान असेल तर संमती तिची एकटीची. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखाने मागतात. दुसरा कायदा १९९४ चा, तो गर्भाचं लिंग तपासण्यावर आणि सांगण्यावर बंदी घालतो. पहिल्यात गर्भपात कायदेशीर आहे, दुसऱ्यात लिंगनिदान गुन्हा आहे. 'जिल्ह्यात गर्भपात वाढलेत, कारवाई करा' असं लिहून दिलंत की अधिकारी औषध दुकानदारांच्या गर्भपाताच्या गोळ्या उचलतात, सोनोग्राफीवाला तसाच राहतो आणि विडी घरकुल वसाहतीतली बाई गोळीसाठी वणवण फिरते.

मध्यंतरी एका मंडळाचे कार्यकर्ते आले. म्हणाले, अमेरिकेत राज्यांनी गर्भपात बंद केले, आपल्या आमदारांनीही तसं विधेयक आणावं. चहा पाजला आणि सांगितलं की तिथं २४ जून २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हा विषय राज्यांकडे गेला, म्हणून तिथल्या राज्यांच्या सभागृहांत त्यावर भांडणं चालतात. आपल्याकडे कायदा संसदेचा आहे. त्याला छेद देणारा कायदा समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर राज्यानं केलाच, तरी घटनेच्या कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाल्याशिवाय तो टिकत नाही. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं, कोणताही आमदार देऊ शकतो, पण ते बॅलटमध्ये, म्हणजे चिठ्ठ्यांत, निघायला हवं, शुक्रवारी वेळ मिळायला हवी, आणि शेवटी मंत्री 'मागे घ्यावे' अशी विनंती करतात नि ते मागे घेतलं जातं. मला ती मागणीच पटत नाही, हेही त्यांना सांगितलं. पण मागणी करायचा हक्क त्यांचाही आहे, म्हणून रस्ता दाखवला.

महाराष्ट्र विधिमंडळानं या विषयात देशाच्या पुढं पाऊल टाकलंय, हे मात्र खरं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आपण १९८८ मध्येच केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तेव्हा केंद्राचा कायदा नव्हता म्हणून जागा मोकळी होती. आता तुमच्या आमदाराच्या हातात उरते ती अंमलबजावणी, आणि ती कमी नाही. सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या, लिंगनिदान कायद्याखालच्या सल्लागार समित्या, वैद्यकीय मंडळं, गर्भपात केंद्रांना मान्यता, सरकारी दवाखान्यांतली औषधं, ही सगळी राज्याची कामं. मंत्र्याला उभं करून उत्तर मागायचं ते यांवर.

मंत्री कोणता, हे चुकलं की प्रश्न फिरत बसतो. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. म्हणून ते सार्वजनिक आरोग्य विभागाकडं नाही, वैद्यकीय शिक्षण विभागाकडं आहे. ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सार्वजनिक आरोग्याकडं. महापालिकेची प्रसूतिगृहं असतील तर नगरविकास खातं मध्ये येतं. गोळ्यांच्या दुकानांचा प्रश्न अन्न व औषध प्रशासनाचा. एका प्रश्नात हे सगळं कोंबू नका, खात्याप्रमाणं वेगळं करा.

आता पुरावा. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. उत्तराची मुदत ३० दिवस. बायकांची नावं, केसपेपर असलं काही मागू नका. गर्भपात करून घेतलेल्या बाईची ओळख उघड करणं २०२१ पासून शिक्षेला पात्र गुन्हा आहे, आणि तसंही ते मागणं शोभत नाही. मागायचं ते कार्यालयाचं काम. लिंगनिदान कायद्याच्या नियमांप्रमाणं सल्लागार समितीच्या दोन बैठकांत ६० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, आणि प्रत्येक नोंदणीकृत केंद्राची तपासणी ९० दिवसांतून एकदा व्हायला हवी. म्हणून गेल्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्तं आणि तपासणीच्या तारखा मागा. तारखांमधलं अंतर बोटावर मोजा. तुमचा प्रश्न तिथंच सापडतो.

मसुदा मराठीतच करा. विधिमंडळाची भाषा ठरलेली आहे, ती पाळली की सचिवालयात कागद अडत नाही:

'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(१) सोलापूर जिल्ह्यात गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील सल्लागार समितीची बैठक अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत झाली नाही, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, नियमानुसार दोन बैठकांमधील अंतर ६० दिवसांहून अधिक नसावे असे असताना बैठक न घेण्याची कारणे काय आहेत,
(३) या कालावधीत किती सोनोग्राफी केंद्रांची तपासणी करण्यात आली व त्यात काय आढळून आले,
(४) त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?'

यातला पहिला भाग सगळ्यात महत्त्वाचा. तो ढिला असला, म्हणजे 'जिल्ह्यात लिंगनिदान सर्रास चालते, हे खरे आहे काय' असा असला, की उत्तर येतं 'हे खरे नाही' आणि खालच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. विषय संपला. तारखा घातल्या तर निदान 'अंशतः खरे आहे' लिहावंच लागतं, आणि त्या 'अंशतः'वरच उपप्रश्न रंगतात. कोर्टात चालू असलेली केस घालू नका, न्यायप्रविष्ट म्हणून प्रश्न बाद होईल. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे लोक हमखास सांगतात की पेशंट सीमेपलीकडं कर्नाटकात जातात. जात असतील, पण तिथल्या सेंटरबद्दल आपला मंत्री उत्तर देणार नाही. त्याला इतकंच विचारा, की शेजारच्या जिल्ह्यांशी समन्वय ठेवायला काय केलं.

गोळ्या आणि गर्भपात सेवेच्या बाजूनं प्रश्न द्यायचा तर तोच साचा वापरा: कोणत्या ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर नाही, औषध किती महिने संपलं होतं. महिला संघटनांच्या बायका भावनेनं छान बोलतात, पण तारखा आणायला विसरतात. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला एका बाईच्या मृत्यूनंतर १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा सगळ्यांनाच विषय कळला. पण बाई मेल्यावर विषय निघण्यापेक्षा इतिवृत्तं चाळून आधी निघालेला बरा.

वेळ सांभाळा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो ते, अधिवेशन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. अधिवेशनाची बातमी वाचून धावत येणाऱ्याला मी सांगतो, आता लक्षवेधी सूचना देऊ. तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायची ती सूचना, म्हणून तिला प्रसंग तातडीचा लागतो, आणि ती चर्चेला लागेलच याची खात्री नाही. माहिती अधिकाराचे ३० दिवस धरून दोन-अडीच महिने आधी कामाला लागा.

प्रश्न कुणाकडं द्यायचा? जिल्ह्यात अकरा विधानसभा मतदारसंघ आहेत, शिवाय पुणे विभागातले पदवीधर आणि शिक्षक आमदारही आपलेच. सत्ताधारी आमदार स्वतःच्या मंत्र्याला अडचणीत आणायला बिचकतो, विरोधक आनंदानं घेतो. माझा सल्ला असा की मसुदा दोघांनाही द्या. सारखे प्रश्न एकत्र होऊन सगळ्यांची नावं खाली छापली जातात, आणि जितकी नावं जास्त तितका मंत्री तयारी करून येतो. आमदाराला भेटण्याआधी त्याच्या पीएला भेटा. कागद एका पानाचा, सोबत माहिती अधिकाराच्या उत्तराची प्रत, आणि फोन लागेल असा एक नंबर. सभागृहात उपप्रश्न विचारायला साहेबांना दोन ओळी लागतात, त्याही लिहून द्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन गॅलरीत बसायची हौस असेल तर जरूर जा, पण काम इथंच होतं.

उत्तर आलं की छापील प्रत मागून घ्या, पेपरातल्या बातमीवर विसंबू नका. मंत्री 'तपासून कार्यवाही करू' म्हणाले असतील तर तो शब्द आश्वासनात धरला जातो, आणि त्याचा हिशेब विधिमंडळाची शासकीय आश्वासन समिती ठेवते. तारीख आणि प्रश्न क्रमांक लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच आमदाराला तो क्रमांक दाखवून विचारा, आश्वासनाचं काय झालं. तोवर जिल्ह्याच्या सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तासाठी माहिती अधिकाराचा नवा अर्ज टाकून मोकळे व्हा.