कूलरचा स्टँड, आलमारी, दिवाण : फरशी खराब करणाऱ्या पायांच्या या चुका टाळा

वेल्डिंगवाल्याकडे कूलरचा स्टँड सांगताना लोक उंची सांगतात, लांबी-रुंदी सांगतात, रंगही सांगतात. पायाच्या टोकाला काय लावायचं ते कोणी सांगत नाही, आणि वेल्डिंगवालाही विचारत नाही. पाइप कापला, टोकावर काळी प्लास्टिकची टोपी ठोकली की स्टँड तयार. दिवाण करणाऱ्या वाढयाचंही (सुताराचंही) तेच. दोन-तीन उन्हाळ्यांनी फरशीवर तांबडे डाग दिसतात, एखादी टाइल तडकते आणि बोल खातो तो फरशी बसवणारा मिस्त्री. चूक बहुतेक वेळा पायाची असते.

उघड्या पाइपावर टोपी

25 बाय 25 मिमीच्या 16 गेज चौकोनी पाइपाची भिंत जेमतेम दीड मिमी जाड असते. म्हणजे फरशीवर टेकतं ते फक्त दीड चौरस सेंटिमीटर लोखंड. कपड्यांनी भरलेल्या आलमारीचं वजन 200 किलो धरलं, तर स्टँडच्या प्रत्येक पायावर 50 किलो येतात आणि दर चौरस सेंटिमीटरला 33 किलो दाब पडतो. त्याच पायाला 75 बाय 75 मिमीची प्लेट वेल्ड केली, तर हा दाब एक किलोच्याही खाली येतो. प्लेटचा खर्च चहा-नाश्त्याएवढा, तरी लोक टाळतात.

टोपीने दाब कमी होत नाही. पाइपाची धार तिला आतून कापते आणि काही महिन्यांत तळ उघडा पडतो. त्याहून वाईट म्हणजे टोपीत पाणी साचतं. पोचा मारताना, कूलर भरताना सांडलेलं पाणी आत शिरतं आणि पाइपाचं टोक त्यात मुरत राहतं. बाहेरून रंग चकचकीत दिसतो, आत गंज धरलेला असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घरी असंच झालं. सपरीत (ओसरीत) शहाबादी फरशी, खिडकीशी कूलर. पाऊस लागल्यावर स्टँड उचलला तर खाली चार नारिंगी चौकोन. घरच्यांनी घाईघाईने संडास धुवायचं ॲसिड ओतलं. शहाबादी म्हणजे चुनखडी, ॲसिड पडताच ती फेसाळते आणि खाल्ली जाते. गंज थोडा फिका झाला, पण त्या जागी पांढरट, खरबरीत खड्डे पडले आणि पुढे त्यांत मळ बसू लागला. शेवटी चार फरश्या उखडाव्या लागल्या, आणि त्याच छटेचा दगड काही मिळाला नाही. कोटा, संगमरवर आणि मोझॅकलाही हाच नियम. डाग ताजा असेल तर साबणाचं पाणी आणि बारीक वॉटर पेपर, जुना असेल तर मशीनने पॉलिश. ॲसिड कधीच नाही.

कूलरच्या स्टँडला पाय असा करावा:

पाइपाच्या टोकाला 5 मिमी जाडीची 75 बाय 75 ची प्लेट मध्यभागी धरून चारही बाजूंनी सलग वेल्ड करा. नुसते टाके मारले तर फटीतून पाणी आत जातं. पाइपाचं वरचं तोंडही बंद करा. प्लेटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत 6 मिमी बोल्टची भोकं पाडा, कडा ग्राइंडरने मारा, गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा एक हात, तो वाळल्यावर इनॅमलचे दोन हात. प्लेटचा तळही रंगवा, कारण गंज तिथूनच सुरू होतो.

प्लेटखाली जुन्या ट्यूबच्या रबराचे दोन थर ठेवा आणि त्याखाली 12 मिमी जाड नायलॉनचा 80 बाय 80 चा तुकडा. नायलॉन मिळालं नाही तर भाजी चिरायचा जाड पांढरा प्लास्टिकचा पाट कापून घ्या, उत्तम चालतो. स्टेनलेसचे चपट्या डोक्याचे बोल्ट खालून घाला आणि डोकं तळापासून किमान 3 मिमी आत बुडवा. डोकं तळाशी सपाट ठेवलं, तर नायलॉन झिजल्यावर तेच फरशी ओरबाडतं. वरून वायसर, नट. रबर किंचित दबेपर्यंतच आवळा.

मधलं रबर मोटरची थरथर खातं. ते थेट फरशीला मात्र लागू द्यायचं नाही. काळ्या रबरातले तेलकट पदार्थ फिकट दगडात आणि मोझॅकमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग कायमचा राहतो. नुसते रबरी बूट लावून मोकळे होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

साधारण 60 लिटरची टाकी म्हणजे 60 किलो पाणीच झालं, कूलरचं अंग वेगळं. म्हणून चाकांचा स्टँड हवा असेल तर 75 मिमीची पीयूची (पॉलियुरेथेन या चिवट, मऊसर प्लास्टिकची) चाकं घ्या. बारकी कडक चाकं टाइलवर रेघा ओढतात.

चिकटवायचे फेल्टचे गोल

फेल्ट म्हणजे दाबून केलेलं लोकरीसारखं जाड कापड. कागद सोलला, चिकटवला, काम झालं. अशा सोप्या उपायाला नवखे लगेच भुलतात. फेल्ट वाईट नाही, चुकीच्या घरात लावलेलं वाईट. आपल्याकडे दार दिवसभर उघडं, अंगणातली धूळ थेट आत. ती फेल्टमध्ये रुतून बसते आणि खुर्ची सरकवली की तोच फेल्ट काचपेपर होतो. रेतीतला गारगोटीचा कण कठीणपणात 7 च्या आसपास, चुनखडी 3 च्या, तेव्हा ओरखडा दगडावरच पडणार. व्हिट्रिफाइड टाइल टणक असते, पण तिची चकाकीही अशा रेतीने हळूहळू जाते.

दुसरं म्हणजे उन्हाळा. पारा 45 च्या वर गेला की स्वस्त गोंद मऊ पडतो, गोल बाजूला सरकतो आणि पायाचं उघडं लाकूड फरशीवर येतं. तिसरं, फेल्ट पोच्याचं पाणी पितं आणि सागवानाचा पाय खालून काळा पडतो.

फेल्ट फक्त हलक्या खुर्च्यांना, कोरड्या खोलीत लावा, आणि दिवाळीच्या सफाईत उलटून बघून बदला. दिवाण, सोफा, टेबल यांना नायलॉनचा गोल स्क्रूने बसवा. आधी पायाच्या तळाच्या कडा कानशीने 3 मिमी तिरक्या मारा, नाहीतर ओढताना चिरफळ्या निघतात. तळाला पॉलिशचे दोन हात द्या, कारण लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी ओढतं. 4 मिमीच्या स्क्रूसाठी आधी 2.5 मिमीचं भोक पाडा. हातोडीने खिळ्याचे गोल ठोकणाऱ्यांनी कित्येक चांगले पाय उभे फाडले आहेत.

डुलणाऱ्या पायाखाली पुठ्ठा

घराखालची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्याखाली मुरुमाची भर नीट नसली की फरशीची पातळी बदलते आणि चार पायांचं सामान डुलू लागतं. मग बहुतेक वजन तिरप्या रेषेत समोरासमोर असलेल्या दोन पायांवर येतं, म्हणजे 50 किलोच्या जागी जवळपास 100. पुठ्ठा दबतो, भिजतो, वाळवी बोलावतो. पायात नट वेल्ड करून 12 मिमीचा लेव्हलिंग बोल्ट आणि लॉकनट बसवा. बोल्ट 25 मिमीपेक्षा जास्त बाहेर नको. पातळी भरल्या वजनावरच लावा, म्हणजे कूलर पाण्याने भरून. चारही पायांखाली कागद सरकवून पाहा. जिथे तो सहज जातो तो पाय अधांतरी आहे.

पाय ठेवण्याआधी टाइल नाण्याने ठोका. पोकळ आवाज आला तर पाय तिथे नको. जागा बदलता येत नसेल, तर शेजारच्या भरीव टाइलपर्यंत जाणारी 12 मिमी प्लायची पट्टी खाली घाला.

सामान ओढत नेणं

झाडून घ्या, खाली ओला बारदाना घाला, मग सरकवा. शक्यतो उचलाच.

सारवलेल्या जमिनीवर विटा

वीट जमिनीची ओल वर खेचते आणि लाकडाला देते. त्याऐवजी शहाबादीचा नऊ इंची तुकडा ठोकून पक्क्या केलेल्या जागेवर बसवा. सारवण त्याच्या कडेशी थांबलं पाहिजे, पायाला लागता कामा नये. वाळवीची मातीची नळी दगडाच्या कडेवर लगेच दिसते, ती दिसताच मोडा. मुंग्यांसाठी जाळीच्या आलमारीखाली पाण्याच्या वाट्या ठेवत असाल तर त्या दगडी किंवा स्टीलच्या घ्या, पत्र्याचे डबे गंजून फरशीवर गोल उमटवतात. पाणी आठवड्याला ओतून, घासून भरा, नाहीतर डास होतात.