निवेदन दिलं, फोटो काढला, रस्ता मात्र तसाच: सार्वजनिक कामात उतरणाऱ्या मुलामुलींनी या चुका टाळा

आठ-दहा मुलंमुली ऑफिसात जातात, साहेबांच्या हातात निवेदन देतात, फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला लागतो. महिन्याभराने चौकशीला गेल्यावर टेबलामागून प्रश्न येतो, "कुठलं निवेदन?" त्या कागदाची नोंदच कुठे नसते, कारण तो आवक विभागात, म्हणजे येणारे कागद नोंदवून घेतात त्या टेबलावर, दिलेलाच नसतो. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची कामं वयामुळे कमी अडतात, अशा कागदोपत्री चुकांमुळे जास्त अडतात.

निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक व घेणाऱ्याची सही घ्या. हीच तुमची पोच. शिक्का मारतात पण क्रमांक टाकत नाहीत, असं बरेचदा होतं. तो तिथेच मागून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक पत्रात 'संदर्भ: आमचे दि. अमुकचे निवेदन, आवक क्र. तमुक' ही ओळ लागते आणि पाठपुरावा त्याच ओळीवर उभा राहतो. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. तेच निवेदन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मागणी मोठी, दार चुकीचं

'शहर प्रदूषणमुक्त करा' ही मागणी कुठल्याच टेबलाची नसते, त्यामुळे तिच्यावर कुणी सहीही करत नाही. एका अधिकाऱ्याला त्याच्या अधिकारात करता येईल असं एकच काम मागा: शाळेसमोर गतिरोधक, बसथांब्यावर दिवा, वाचनालयाची वेळ संध्याकाळी दोन तासांनी वाढवणं.

मग ते काम नेमकं कुणाचं आहे ते शोधा. शाळेसमोरचा रस्ता गावातला म्हणून मुलं ग्रामपंचायतीत जातात, आणि रस्ता असतो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ढोबळमानाने राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, तर गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे असतात. शहरात बहुतेक रस्ते महापालिकेचे असले, तरी मधूनच जाणारा महामार्ग वेगळ्या यंत्रणेचा असू शकतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) किंवा वॉर्ड ऑफिसातल्या कनिष्ठ अभियंत्याला आधी तोंडी विचारा: "हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे?" पाच मिनिटांच्या या प्रश्नाने दोन महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

पुराव्याशिवाय निवेदन

'वाहने भरधाव जातात, विद्यार्थ्यांच्या जिवाला धोका आहे' एवढंच लिहिलेली पत्रं ऑफिसात ढिगाने येतात. तुमच्या पत्राला मोजणीचा एक तक्ता जोडा. सलग तीन दिवस, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास मोजा. पाच-पाच मिनिटांच्या ओळी आखा आणि रकाने तीनच ठेवा: रस्ता ओलांडणारे विद्यार्थी, दुचाकी, जड वाहनं. दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि शेवटी आकडे ताडून बघायचे. फाटकाच्या आत किंवा फूटपाथवर उभं राहा आणि एक मोठं माणूस सोबत ठेवा. मोजणीसाठी रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणी जखमी झालं, तर सगळंच फुकट.

मागणीही नेमकी लिहा. नुसता 'स्पीडब्रेकर' मागितला की बरेचदा अरुंद, उंच उंचवटा टाकला जातो. त्यावर दुचाक्या घसरतात, तक्रारी येतात आणि तो उखडला जातो. इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आयआरसी ९९ या मानकातला नेहमीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट असतो. 'आयआरसी ९९ प्रमाणे गतिरोधक, त्यावर रंगाचे पट्टे आणि आधी सूचनाफलक' असं लिहिलं की अभियंत्याला अंदाजपत्रकही त्याच भाषेत करता येतं.

माहिती अधिकारात 'का?' विचारणं

माहिती अधिकार अधिनियम, २००५ सरकारी कार्यालयातली माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला देतो. त्यात वयाची अट नाही, त्यामुळे अर्ज तुमच्या नावाने करता येतो. तरीही बरेच अर्ज वाया जातात, कारण त्यात विचारलेलं असतं: 'आमच्या शाळेसमोर गतिरोधक का बसवला नाही?' कायद्याने मिळते ती दप्तरी असलेली माहिती. कारणं शोधून, उत्तर रचून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. तोच प्रश्न असा लिहा:

'दि. अमुकच्या निवेदनावर (आवक क्र. तमुक) आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी, पत्रव्यवहार व स्थळपाहणी अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात.'

आता कागद द्यावे लागतील, किंवा असे कागदच नाहीत हे लेखी कळवावं लागेल. दोन्ही तुमच्या उपयोगाचं.

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा; राज्याच्या नियमांत तसं आहे. चार विषय कोंबले तर पहिल्याचंच उत्तर येतं. माहिती का हवी हे सांगायची गरज नाही आणि संपर्कापुरताच तपशील पुरतो. घरी पत्र आलेलं नको असेल, तर शाळेच्या किंवा संस्थेच्या पत्त्यासाठी आधी त्यांची संमती घ्या. उत्तराची मुदत ३० दिवस. ती टळली किंवा उत्तर अपुरं असलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. सर्वांत जास्त वेळा हातची जाते ती हीच गोष्ट: सहामाही परीक्षा येते आणि अपिलाची तारीख निघून जाते. अर्ज दिला त्याच दिवशी दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ग्रामसभेत ऐनवेळी हात वर करणं

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीतले लोक. अठराच्या आतल्यांना तिथे मत नाही. म्हणून विषय बालसभेत, म्हणजे गावातल्या मुलांच्या सभेत, मांडून लेखी घ्या आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत यावा म्हणून आधीच ग्रामपंचायतीत द्या. नोटीस साधारण सात दिवस आधी निघते, तुमचं पत्र त्याच्याही आधी पोचायला हवं. शेवटी 'ऐनवेळचे विषय' सुरू होतात तोवर निम्मं गाव उठून गेलेलं असतं. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो, तेव्हा एखादी आई आणि एखादे शेजारचे काका आधीच तयार ठेवा. तोंडी 'करू की' म्हणजे ठराव नव्हे. इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, तो लिहिला गेला का, हे नंतर बघून या आणि त्याची प्रत मागा.

संस्थेत जाताना

महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. राष्ट्र सेवा दल, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांच्यासारख्या संघटनांत महिना-दोन महिने नुसतं बसून ऐकलं तरी सभा कशी चालवतात ते कळतं. तास भरायचे म्हणून गेलेल्या मुलांना झाडू आणि बॅनर धरायचं काम मिळतं. इतिवृत्त लिहायचं काम स्वतःहून मागून घ्या, सगळा कारभार त्यातून दिसतो. कार्यक्रमाचा फलक कोण देतंय हेही पाहा. निवडणुकीच्या तोंडावर फुकट टी-शर्ट आले, की तुमचा विषय बाजूला पडतो.

पैशांबाबत मात्र कडक राहा. एखाद्या मुलाच्या यूपीआयवर वर्गणी गोळा करू नका. हिशेबावरून मैत्री तुटते, आणि नोंदणी नसलेल्या गटाला सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. कागद, झेरॉक्स, स्टॅम्प यांचा खर्च आपसांत वाटून घ्या.

जिथे तुम्ही एकट्याने पाऊल टाकायचं नाही

वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न ठरतंय किंवा कुणाला मारहाण होतेय असं कळलं, तर पोस्ट टाकू नका आणि घरी जाऊन जाबही विचारू नका. लग्नाची तारीख अलीकडे आणली जाते आणि मुलगी आणखी कोंडली जाते. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करा. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, विश्वासातल्या शिक्षकांमार्फत त्यालाही कळवा. पीडित मुलामुलीचं नाव, फोटो, शाळा, काहीही जाहीर करायचं नाही. चांगल्या हेतूनेही नाही, कायद्याने तो गुन्हा आहे.

डिसेंबरनंतर गट विरतो

दहावी-बारावीची मुलं जानेवारीत गायब होतात आणि पोचपावत्या कुणाच्या तरी दप्तरात राहतात. सुरुवातीपासून गटात निम्मी मुलं आठवी-नववीची घ्या. कागद एकाच फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावा, वर एक पान: काय मागितलं, कुणाकडे, आवक क्रमांक, पुढची तारीख. दिवाळीच्या सुट्टीत फाइल धाकट्यांच्या हाती द्या आणि पुढच्या वेळी ऑफिसात त्यांनाच बोलू द्या.

फाइल देणाऱ्यांपैकी ज्यांना सतरा पूर्ण झाली, त्यांनी त्याच सुट्टीत नमुना ६ भरून टाका. मतदार नोंदणीचा हा अर्ज आधी देता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी अठरा पूर्ण झाल्यावर येणारी पहिली तारीख तुमची.