इनटेक मॅनिफोल्ड बसवताना लीकेज राहू नये म्हणून, नव्या पोरांसाठी

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं गॅरेजला येतात, हात चांगला असतो, पण इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनच्या सिलेंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) बसवायला दिला की पहिला हात जातो सिलिकॉनच्या ट्यूबकडे. मी तिथेच थांबवतो. मॅनिफोल्ड सील होतो तो दोन सपाट, स्वच्छ, कोरड्या फेसमुळे, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठभागांमुळे, आणि मधल्या पॅकिंगमुळे (गॅस्केट), ट्यूबमुळे नाही.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला द्या. जुनं पॅकिंग खरवडायच्या आधी पोर्टमध्ये (सिलेंडर हेडमधली हवा जायची भोकं) स्वच्छ फडकी कोंबा आणि किती कोंबली ते मोजून ठेवा, एखादं आत राहिलं तर इंजिन ते सरळ व्हॉल्व्हकडे ओढून घेणार. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, एक ओरखडा पोर्टपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेला की तिथून हवा शिरलीच समजा. प्लास्टिकचा स्क्रॅपर घ्या, वेळ लागतो, लागू दे. ड्रिलला घासायची डिस्क लावून फेस चकाचक करणारे खूप आहेत पण त्या डिस्कची पूड आत गेली की बेअरिंग खाते, आणि फेसला खोलगटपणा येतो तो वेगळाच. मग सरळपट्टी आडवी-तिरपी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून बघा. सुझुकीच्या बऱ्याच इंजिनांना वाकडेपणाची मर्यादा ०.१० मिमी असते, त्याच्या वर गेलं तर फेस मशीनवर सपाट करून आणा, सिलिकॉनने ते भरून निघत नाही.

पेपरचं किंवा मेटलचं पॅकिंग कोरडंच बसवा, मॅन्युअलने सांगितलं असेल तरच काही लावा. साधं सिलिकॉन पेट्रोल लागलं की फुगतं, सुटतं, आणि आतल्या बाजूला जे दाबून आलेलं असतं त्याचे तुकडे व्हॉल्व्हवर नाहीतर कूलंटच्या वाटेत जातात. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला खाचेत रबर सील असतं, ते नवीनच टाका. व्ही इंजिनांचं वेगळं आहे, तिथे कित्येकदा व्हॅलीच्या (दोन हेडमधली खोलगट जागा) पुढच्या-मागच्या कडेला सिलिकॉनचीच रेघ लागते, कोपऱ्यात जिथे हेड आणि ब्लॉक भेटतात तिथे थोडं जास्त, आणि ते सुकायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यायचाच.

बोल्ट सगळे आधी हाताने, मग मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. भोकात तेल-पाणी साचलेलं असेल तर हवेने उडवून टाका, नाहीतर टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की आवाज देणारा पाना) कट् करतो आणि बोल्ट खाली बसलेलाच नसतो. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डच्या आठ एमएमच्या बोल्टला बहुतेक वेळा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, प्लास्टिकला कमी, आकडा मात्र त्याच इंजिनच्या मॅन्युअलचा घ्या. आणि खालचा सपोर्ट ब्रॅकेट! तो शेवटी आवळायचा, हे फार कमी जण सांगतात. आधी आवळला तर तो मॅनिफोल्डला एका बाजूला ओढतो, मग पॅकिंग कितीही भारी आणा.

चालू केल्यावर आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं ते) ऐका. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरच्या गाडीत लीकमधून शिरलेली हवा मोजलीच जात नाही म्हणून मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, पी०१७१ हा लीनचा फॉल्ट कोड येतो, स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला खूप प्लस आणि २५०० आरपीएमला कमी दिसतो. मॅनिफोल्डमधलं प्रेशर बघणाऱ्या मॅप सेन्सरच्या गाडीत ती हवा प्रेशरमध्ये मोजली जाते, त्यामुळे बऱ्याचदा कोड येत नाही, नुसता आयडल चढलेला राहतो आणि पोरं थ्रॉटल बॉडी साफ करत बसतात. लीक शोधायला स्मोक मशीन (आत धूर सोडून गळती दाखवणारं) वापरा, गरम एक्झॉस्टजवळ कार्ब क्लीनर मारणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मॅनिफोल्डमधून कूलंट जात असेल तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी परत बघा, तिथलं लीक कधीकधी बाहेर थेंबभरही दिसत नाही, सरळ सिलेंडरमध्ये जातं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर मिसिंग (एखादं सिलेंडर नीट न पेटणं) आणि पांढरा धूर देतं.