कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन लवकर बाद होतात? या चुका टाळा

मिक्सर 'गेला' म्हणून नवा आणला जातो, तेव्हा जुन्याची मोटर पुष्कळदा धडधाकट असते. गेलेलं असतं ते भांड्याच्या बुडातलं बुश, म्हणजे पात्याची दांडी ज्यात फिरते ती नळी, नाहीतर मोटरवरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यात अडकून फिरतं तो दातेरी भाग. कुकरचंही तसंच. भांडं वर्षानुवर्षं चालतं, झिजते ती रिंग. हे छोटे भाग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात थोडक्या पैशांत बदलून मिळतात, आणि नीट वापरले तर बदलायची वेळही उशिरा येते. म्हणून वस्तू बिघडली की आधी नेमका कुठला भाग बिघडला ते शोधा.

कुकरच्या कडेने वाफ जाते

शिट्टी होत नाही आणि झाकणाच्या कडेने वाफ फसफसते, म्हणून लगेच नवी रिंग आणू नका. आधी रिंग काढून खोबणीतून बोट फिरवा. भाताचं शीत किंवा डाळीचा वाळलेला पापुद्रा अडकला असेल तर तेवढ्यानेही वाफ जाते. मग रिंग दोन बोटांत दुमडा. ती मऊ असेल आणि दुमडल्या जागी भेगा दिसत नसतील तर अजून चालेल. कडक झाली असेल किंवा सैल पडून खोबणीबाहेर येत असेल तर बदला. फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवली की सैल रिंग किंचित आक्रसते आणि त्या वेळचा स्वयंपाक निभावतो, पण हा इलाज नव्हे. नवी घेताना कुकर कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा, झाकण आत बसणारं की बाहेरून, हे तिन्ही दुकानदाराला सांगा. 'साधारण तेवढीच' रिंग चालत नाही.

रिंग लवकर कडक होते ती तेलकटपणाने आणि उष्णतेने. स्वयंपाक झाला की ती झाकणातून काढून साबणाने धुवा, पुसा आणि गॅसपासून लांब खुंटीला अडकवा. झाकण घट्ट लावून कुकर फळीवर ठेवून देणं ही नेहमीची चूक. त्यात रिंग दिवसभर दाबलेली राहते, ओल आत कोंडते आणि कुकरला वासही येतो.

रिंग नवी असूनही वाफ जातेच आहे? मग कुकरच्या कडेवरून नख फिरवा. वरण घोटलं की पळी कडेवर ठकठक आपटून झटकायची सवय अनेक घरांत असते. त्या आपटण्याने ॲल्युमिनियमच्या कडेला बारीक खड्डे पडतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, नखाला लागतात. खड्डा पडला की तिथे रिंग टेकत नाही, कितीही नवी असली तरी. हा बिघाड घरी दुरुस्त होण्यासारखा नाही, म्हणून तो होऊच देऊ नये. पळी वाटीत निथळू द्या.

शिट्टी होत नाही आणि वाफही कुठून जात नाही, हे सगळ्यांत गंभीर. गॅस बंद करा आणि कुकर आपोआप गार होऊ द्या, झाकणाशी झटापट करू नका. गार झाल्यावर शिट्टी काढून झाकण उजेडासमोर धरा आणि वाफेच्या नळीतून आरपार बघा. उजेड दिसला नाही तर नळी चोंदली आहे. बारीक तार घालून ती मोकळी करा आणि नळाच्या धारेखाली धुवा. ती चोंदते बहुधा डाळीच्या फेसाने. डाळ-तांदूळ पाण्यासकट कुकरच्या अर्ध्यापर्यंतच भरावेत, बाकी पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत.

आत डबे लावताना तळाला निदान दोन वाट्या पाणी हवं. ते आटलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि वाफ तिथून बाहेर पडते. कुकर फुटू नये म्हणूनच तो बसवलेला असतो. तिथे दुसरं काही ठोकून बसवू नका, त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह घ्या. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला तर घाबरू नका, तो पाण्यातल्या क्षारांचा परिणाम आहे. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकत गेलात तर काळेपणा कमी होतो.

पहिल्या शिट्टीनंतरही आच मोठी ठेवण्यात काहीच हशील नाही. आतला दाब शिट्टीच्या वजनाने ठरतो. जास्तीची आच फक्त वाफ उडवते आणि पाणी आटवते. पूर्ण दाब आला की आच मंद करा.

मिक्सरचं भांडं भिजत घालू नका

चटणी वाटली, भांड्यात पाणी भरलं आणि इतर भांड्यांबरोबर बेसिनमध्ये ठेवून दिलं. मिक्सर मारणारी सवय हीच. पात्याची दांडी बुडातल्या बुशमधून आरपार गेलेली असते. भांडं तासन्तास पाण्यात राहिलं की खालच्या बाजूने पाणी बुशमध्ये शिरतं, वंगण निघून जातं, गंज धरतो आणि दांडी झिजून सैल होते. मग वाटताना बुडातून काळसर पाणी ठिबकतं आणि थेट मोटरवर पडतं. कपलरभोवती काळा ओलावा दिसला की त्याच दिवशी ते भांडं बाजूला ठेवा आणि बुश-दांडी बदलून आणा. तसंच वापरत राहिलात तर पुढचा खर्च मोटरचा.

धुवायची सोपी रीत अशी: भांडं रिकामं झालं की लगेच अर्धी वाटी पाणी आणि साबणाचा एक थेंब घाला, दहा-पंधरा सेकंद फिरवा, ओता, नळाखाली विसळा आणि उपडं ठेवा. पात्याखालचं वाटणही निघून येतं.

मिक्सर मध्येच बंद पडला तर तो जळाला असं समजू नका. बुडाशी एक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते उडून वीज तोडतं. प्लग काढा, भांड्यातलं निम्मं जिन्नस काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बटण दाबा आणि सगळ्यांत कमी गतीवर सुरू करा. तरी पुन्हा उडालं तर पातं हाताने जपून फिरवून बघा. ते अडकत असेल तर दोष भांड्याचा. खात्रीसाठी दुसरं, रिकामं भांडं लावून चालवा. ते नीट फिरलं तर मोटर शाबूत आहे आणि दुकानात फक्त भांडं न्यायचं.

कपलरचे दात तुटतात ते मोटर पूर्ण थांबायच्या आत भांडं उचलल्याने. गोडा मसाला करताना भाजलेलं खोबरं आणि धणे पूर्ण गार होऊ द्या. गरम मसाल्याला तेल सुटून त्याचा गोळा होतो, मोटर ओढत राहते आणि झाकणाची रबरी रिंगही सैल पडते. हळकुंडं घरच्या मिक्सरचं काम नाही, ती गिरणीतच द्या. इडलीचं पीठ एका दमात न वाटता भांडं निम्मं भरून, मिनिटभर चालवून, थोडं थांबून वाटा. पाणी थंड घ्या.

पाती धारदार व्हावीत म्हणून खडेमीठ फिरवायला सांगतात. त्याने चिकटलेला थर निघतो आणि पातं स्वच्छ होतं, पण बोथट पात्याला धार येत नाही.

पावडर जास्त, कपडे मात्र राठ

जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत महागात पडते. वॉशिंग मशीनमध्ये पावडर जास्त झाली की ती खळबळताना पूर्ण निघत नाही. गडद कपड्यांवर पांढरे ओरखडे दिसतात, टॉवेल पापडासारखे कडक होतात, आणि मशीनच्या आत चिकट थर बसून कुबट वास येतो. वास घालवायला आपण आणखी पावडर घालतो.

तपासायचं असेल तर धुतलेले दोन टॉवेल पावडर न घालता कोमट पाण्यात पाच मिनिटं फिरवा. पाण्यावर फेस आला तर तो आधीच्या धुण्यांचा साठलेला साबण. फेस यायचा थांबेपर्यंत टॉवेल नुसत्या पाण्यातून काढा आणि पुढच्या वेळी माप कमी करा. मशीन अर्धं भरलं असेल तर पाकिटावरच्या मापाच्या निम्म्याहून थोडी जास्त पावडर पुरते. बोअरच्या जड पाण्याला जरा जास्त लागते, हे खरं. टॉवेलना सॉफ्टनर लावू नका, त्यामुळे ते पाणी कमी शोषतात. फ्रंट लोड मशीनमध्ये हाताने धुवायची पावडर मुळीच नको. फेस वाढला की मशीन पुन्हा पुन्हा खळबळतं, म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही जास्त.

पाणी भरायला फार वेळ लागतो, अशी तक्रार असेल तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी मागची जाळी बघा. प्लग काढा, नळ बंद करा, मशीनला जोडलेला पाइप हाताने फिरवून सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल. ती पकडीने अलगद ओढून जुन्या टूथब्रशने घासा. टाकीतला गाळ आणि क्षार तिथे अडकलेले असतात. धुणं झालं की दार उघडं ठेवा.

बाकी थोडक्यात

नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर रिकामा तापवू नका, सुमारे २६० अंशांपुढे त्याचा थर खराब होऊ लागतो. गरम तव्यावर गार पाणी ओतलं की बूड वाकतं. तारेची घासणी त्याला लावूच नये.

एलईडी बल्ब बंद काचेच्या गोळ्यात लवकर जातो, कारण उष्णता बाहेर पडत नाही आणि आतलं सर्किट तापून निकामी होतं. दिवा उघडा असू द्या.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, आरओचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षार-धातूंनी आतल्या प्लेटा खराब होतात. पातळी दोन-तीन महिन्यांनी बघा आणि पाणी वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नका. जवळ उदबत्ती किंवा काडी पेटवू नका, चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो.

वर्षाचं धान्य भरताना होणारी चूक एकच, पण सगळं मुसळ केरात घालणारी: उन्हातून काढलेले गहू किंवा तूरडाळ गरम असतानाच पत्र्याच्या डब्यात भरणं. झाकणाखाली वाफ धरते, तिचं पाणी होतं, आणि ज्या ओलीपासून वाचवायला ऊन दिलं तीच आत कोंडली जाते. धान्य सावलीत रात्रभर पसरून गार होऊ द्या आणि सकाळी भरा. तूरडाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल हाताने चोळा, म्हणजे कीड लवकर लागत नाही. शिजवण्याआधी ती कोमट पाण्याने दोन-तीनदा धुतली की तेल निघून जातं.