डेनो शिकताय? परवानग्या मोजून द्या

नोडमध्ये एखाद-दुसरा एपीआय लिहून झालाय आणि आता डेनो, म्हणजे नोडसारखंच ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं दुसरं साधन, हाताळून बघायचंय, अशांसाठी हे लिहितोय. जावास्क्रिप्ट आणि टर्मिनल येतं असं धरून चालतो. इन्स्टॉल करणं एका कमांडचं काम आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

रायन डालने २००९ मध्ये नोड आणलं आणि २०१८ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये त्यातल्या आपल्याच चुका एकेक करून सांगत डेनो जाहीर केलं. एक खंत सुरक्षेची होती. नोडची स्क्रिप्ट कुठलीही फाइल वाचते, नेटवर जाते, तिला कोणी अडवत नाही. डेनोत तुम्ही परवानगी दिल्याशिवाय फाइल नाही, नेट नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसुद्धा नाही.

ऐकायला सोपं वाटतं. माझा जीव जिथे मेटाकुटीला आला, ते आता नीट वाचा.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यासाठी ऑर्डरी दाखवणारा छोटा सर्व्हर लिहायचा होता. घरी लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवली की डेनो टर्मिनलमध्येच विचारतो, ऑर्डर्सचं फोल्डर वाचू देऊ का? वाय दाबलं की पुढचा प्रश्न, पोर्ट ८००० उघडू का? पुन्हा वाय. सगळं झकास चालतं. पण हे 'हो' तेवढ्या रनपुरतंच असतं, कुठेही साठवलं जात नाही. तीच स्क्रिप्ट कारखान्यातल्या मशीनवर सिस्टिमडीखाली (लिनक्समध्ये प्रोग्रॅम मागे आपोआप चालू ठेवणारी व्यवस्था) लावली की समोर टर्मिनलच नसतं. मग डेनो विचारत बसत नाही, थेट नाही म्हणतो. लॉगमध्ये नॉटकेपेबल अशी एरर येते, जुन्या आवृत्तीत परमिशन-डिनाइड यायची. कोड तोच, घरी चालतो आणि तिथे पडतो. माणूस दिवसभर कोडमध्ये चूक शोधत राहतो, आणि चूक कोडमध्ये नसतेच.

आणि नेमक्या याच वेळी कोणीतरी सांगतं, अलाऊ-ऑल टाक, म्हणजे सगळ्या परवानग्या एकदम देऊन टाक, चालेल. चालतं, हे खरं. पण मग डेनो वापरून उपयोग काय? परवानगी अख्ख्या प्रोसेसला मिळते. तुम्ही आणलेल्या प्रत्येक पॅकेजला तीच मोकळीक, पासवर्डची फाइल वाचायचीसुद्धा. हा शॉर्टकट शिकवणारे व्हिडिओ मी तरी बघू नका असंच सांगेन.

उपाय साधा आहे. पहिल्या दिवसापासून घरीही नो-प्रॉम्प्ट (विचारू नकोस, थेट नाही म्हण) हा फ्लॅग कमांडमध्ये लावूनच चालवा. सर्व्हरवर जे अडणार आहे ते घरीच अडेल. एरर जे मागेल तेवढंच द्या: अलाऊ-रीडपुढे बरोबरचं चिन्ह (=) देऊन फक्त ऑर्डर्सचं फोल्डर, अलाऊ-नेटपुढे फक्त तुमचा पत्ता आणि पोर्ट. फोल्डरचा रस्ता पूर्ण लिहा. अर्धवट रस्ता चालू डिरेक्टरीपासून मोजला जातो, आणि सिस्टिमडीत वेगळं सांगितलं नाही तर ती थेट रूट (/) असते. सगळे फ्लॅग फाइलच्या नावाआधी लिहा. नंतर लिहिले तर ते स्क्रिप्टचे आर्ग्युमेंट होतात. एकदा जमलं की डेनो-जेसन या सेटिंगच्या फाइलमधल्या टास्क्समध्ये ही कमांड नोंदवून टाका.

अलाऊ-रन, म्हणजे दुसरे प्रोग्रॅम सुरू करायची परवानगी, मात्र कोणी मागितलं तर दहा वेळा विचार करा. त्यातून सुरू झालेला प्रोग्रॅम डेनोच्या कुंपणाबाहेर चालतो, त्याला तुमची कुठलीच बंधनं लागू नाहीत.

घाबरू नका. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी एरर येते, मग हात बसतो. त्यासाठी पुण्याला महागडा क्लास लावायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. सोलापुरातच असा एखादा सीनियर शोधा, जो उत्तर द्यायच्या आधी 'एरर दाखव' म्हणतो. जो न बघताच फ्लॅग सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला मुलाखतीला जाल तेव्हा तिथे बहुधा नोडच विचारतील, त्यामुळे नोड सोडू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या डेनो २ मध्ये पॅकेज-जेसन आणि एनपीएमची बहुतेक पॅकेजेस चालतात, शिवाय पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्टही तुम्ही सांगितल्याशिवाय चालत नाहीत. तुमचा एखादा जुना नोडचा प्रोजेक्ट घ्या, डेनोवर चालवा आणि तो काय काय मागतो ते वहीत लिहून काढा. मुलाखतीत सुरक्षेचा प्रश्न आला की तीच यादी कामाला येते.